शंभर किलोचं पाणी

धुळ्याचा हात मोडल्याचा आवाज मी चुलीपुढं बसून ऐकला. परातीतली भाकरी तशीच टाकून बाहेर धावले. आमच्या दारातल्या विजेच्या खांबाखाली धुळा उताणा पडला होता आणि आमचे हे त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसले होते. धुळ्याचा डावा हात कोपरापासून भलतीकडंच वळला होता. शेजारी लांब बांबू पडला होता, त्याच्या टोकाला ऊस तोडायचा कोयता बांधलेला, आणि वर आमची तार तुटून लोंबत होती.

"कुणी पाठिवलं? नाव घे!"

"लालासाब... लालासाबांनी," धुळा रडत म्हणाला.

नाव सांगितल्यावर माणसाला सोडावं की नाही? यांनी हातातला पाना उचलला आणि त्याच्या तोंडावर आणखी एक घातला. दोन दात मातीत पडले. मी मागून कमरेला मिठी मारली म्हणून पुढचा बसला नाही.

नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. मानसिंग. फौजेत गाड्या दुरुस्त करायचं काम केलं आणि हवालदार होऊन घरी आले. येताना एक ट्रंक, एक घोंगडी आणि नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन आले. कडेगावात कऱ्हाड–विटा रस्त्याला लागून आमचा जमिनीचा तुकडा आहे. तिथं त्यांनी गाड्या धुवायचा रॅम्प बांधला. साताऱ्याच्या एमआयडीसीत एक कारखाना बंद पडला होता, त्याच्या लिलावातून विजेवरचं वॉशिंग मशीन आणलं. मशीन म्हणजे काय, एक मोठी मोटर, एक तीन दट्ट्यांचा पंप, लांब नळी आणि पुढं पाणी मारायची गन. शंभर किलोचा दाब. चाकाला दगड होऊन चिकटलेला चिखल सुद्धा साय निघावी तसा निघायचा.

लालासाहेब हे यांचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे माझे दीर. धुळा त्यांच्याकडचा गडी. स्टँडजवळ त्यांचं गाड्या धुवायचं सेंटर होतं आणि आमचं सुरू होईपर्यंत गावात तेवढं एकच होतं. शिवाय आमचा रस्त्याकडेचा तुकडा त्यांनी आधी दोनदा मागितला होता आणि यांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं. लालासाहेबांना आयुष्यात नाही ऐकायची सवय नव्हती. त्यांच्यासमोर गावातली म्हातारी माणसं सुद्धा टोपी सारखी करत. मी तर सून. लग्न होऊन आल्यापासून ते समोर आले की पदर कपाळापर्यंत ओढायचा, भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि ते जाईपर्यंत श्वास सुद्धा हळू घ्यायचा. मी त्यांच्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते.

धुळ्याच्या हातापायी यांच्यावर केस झाली. तेव्हा कोर्टकचेरीला विट्याला जावं लागायचं. जामीन मिळाला, पण वकिलांनी व्हरांड्यात यांची कॉलर धरून सांगितलं, "हवालदार, आता कुणाच्या अंगाला बोट जरी लावलंत तर जामीन रद्द. आणि एकदा आत गेलात की बाहेर यायला केस पांढरे होतील." हे मान खाली घालून उभे होते. त्यांना तसं उभं बघून मला वकिलाचाच राग आला. माझं असं आहे, राग यायला मला कारण लागत नाही, माणूस समोर असला की पुरतो.

माझ्या सासूबाई, राहीबाई, कोर्टात विश्वास ठेवणाऱ्यातल्या नव्हेत. त्या लेकाला घेऊन पालीला गेल्या. खंडोबापुढं त्याला ओल्या अंगानं उभं केलं आणि त्याच्या हातात बेल-भंडारा दिला.

"म्हण, ह्याच्या फुडं कुणावर हात उचलणार न्हाई."

"कुणी मारलं तर?" यांनी विचारलं.

"मारलं तर मार खायचा. मेलास तर देवाच्या पायरीला. पर आत गेलास तर मी मरायच्या वक्ताला कुणाला हाक मारू?"

यांनी बेल-भंडारा उचलला. सासूबाईंनी त्यांच्या कपाळाला भंडारा फासला. मी मागं उभी होते. घरात रागीट माणूस एकच आहे अशी सासूबाईंची समजूत होती, म्हणून माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

आम्ही परत आलो, नवी तार ओढली. चार दिवसात परत तोडली. पुन्हा जोडली, पुन्हा तोडली. हे अंगणात उभे राहून तुटक्या टोकाकडं बघायचे आणि खालचा ओठ दातात धरायचे. ओठाला जखम झाली होती, ती भरतच नव्हती. एका सकाळी चहाचा कप तसाच ठेवून ते उठले आणि मोटरचे नटबोल्ट सोडायला लागले.

"काय करताय?"

"तार हाय म्हणून तोडत्यात. तारच नगं. आपल्या ट्रॅक्टरवर चालवायचं मशीन."

कल्पना चांगली होती. ट्रॅक्टरच्या मागं फिरणारा दांडा असतो, त्याच्यावर मळणी मशीन चालतं, तर पंप का चालू नये? यांनी मोटर काढून टाकली, पंप लोखंडी चौकटीवर बसवला, दांड्याला मोटरचंच चाक लावलं, पट्टा चढवला, ट्रॅक्टर सुरू केला. मी गन धरून उभी. खटका दाबला. म्हाताऱ्याच्या लघवीसारखं पाणी आलं.

मला हसू आवरेना. हे तापले. "हसाय काय झालं?"

"चाक उलटं लावलंय," मी म्हणाले. "मोटर भन्नाट फिरती, म्हणून तिला बारकं चाक. ट्रॅक्टरचा दांडा तिच्या निम्म्यानं सुद्धा फिरत नाही. त्याला मोठं चाक पाहिजे, पंपाला बारकं."

माझं माहेर माधवनगरचं, वडील गिरणीत. चाकं आणि पट्टे बघतच मी मोठी झाले, त्यात हुशारी कसली. पण हवालदारांना बायकोनं चूक दाखवली की आधी पाऊण तास गप्प बसावं लागतं. ते बसले. मग म्हणाले, "तुझ्या बाला इचार, गिरणीच्या भंगारात मोठं चाक मिळंल का."

चाक मिळालं. बिडाचं, दोघांनी उचलावं एवढं. ते लावलं आणि या खेपेला पंप असा फिरला की पहिल्याच दिवशी नळी फाटली. फाटकं तोंड अंगणभर नागासारखं उड्या मारत सुटलं, शेजारची कोंबडी मधे आली ती जाग्यावर आडवी झाली. विजेच्या मोटरचा वेग ठरलेला असतो, तो वाढत नाही, कमी होत नाही. ट्रॅक्टरचं तसं नाही. हातातला ॲक्सिलरेटर जेवढा ओढाल तेवढं पाणी चवताळतं. जादा दाब झाला की पाणी परत टाकीत सोडणारा एक वॉल असतो, तो यांनी घट्ट करून ठेवला होता. तो सैल केला, नवी नळी आणली. फिरत्या दांड्यावर पत्र्याचं झाकण मात्र मी करून घेतलं. साडीचा पदर त्यात गेला तर माणूस सुद्धा पदरामागं जातं.

तेव्हापासून कामाची वाटणी झाली. एक माणूस ट्रॅक्टरवर बसून ॲक्सिलरेटर सांभाळणार, दुसरा गन मारणार. इंजिनाचा आवाज यांना कळायचा, म्हणून हे वर. गन माझ्याकडं. साडी खोचायची, वरून यांचा फौजेतला जुना शर्ट घालायचा आणि रॅम्पखाली शिरायचं. फौजी माणसाच्या घरात बंदूक बायकोच्या हातात, असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या आणि पदरात हसायच्या.

पण गावाचं बघा. गाडी माझ्या हातून धुवून घ्यायची, चाकाच्या आतला चिखल निघाला का ते वाकून वाकून बघायचं, आणि पानपट्टीवर जाऊन म्हणायचं, "मानसिंगानं काय झ्याक धुतली!" बाईनं गाडी धुतली म्हणायला जीभ वळायची नाही. मला आधी राग यायचा. मग मी म्हटलं, मरू दे, गाड्या तर येतात.

खरंच येत होत्या. वीज जायची तेव्हा लालासाहेबांचं सेंटर बंद आणि आमचा ट्रॅक्टर चालू. वीज तेव्हा रोजच जायची. स्टँडवरच्या जीपा सुद्धा आमच्याकडं वळल्या. लालासाहेबांकडं तोडायला तार उरली नव्हती, म्हणून त्यांनी माणूस धरला. हे बाजारात दिसले की लालासाहेबांची माणसं खांदा मारायची. एकानं भर चौकात यांच्या टोपीवर थुंकलं. हे टोपी काढून नळावर धुवून परत घालून घरी आले. मला काहीच सांगितलं नाही. मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि मी दळण पाखडताना सूपच मोडलं.

"त्या थुंकणाऱ्याचं नाव काय?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"नाव सांगा."

"संयोगिता," ते म्हणाले, "म्या बेल-भंडारा उचललाय. ते मला डिवचत्यात ते ह्याच्यासाठीच. म्या एक हात उचलला की त्यांचं काम झालं. म्या आत, आन् रस्त्याकडचा तुकडा त्यांचा."

त्यांना सगळं कळत होतं. तेच मला सोसवत नव्हतं. रागानं आंधळा झालेला माणूस एक वेळ परवडला, पण डोळे उघडे ठेवून थुंकी पुसणारा नवरा बघवत नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या दारात रांग लागली. खंडेनवमीला जो तो आपल्या हत्यारांची, गाडीची पूजा करतो, आणि चिखलाच्या ट्रॅक्टरला हार कोण घालणार? सकाळपासून ट्रॅक्टर, ट्रॉल्या, जीपा, एक ट्रक. मी सकाळपासून भिजलेली. चाकांच्या खाचांसाठी बारीक तोंडाचं नोझल लावलं होतं, त्यातून पाणी सुईसारखं निघतं. काही जणांची तोंडं वाकडी होती. एकजण म्हणाला सुद्धा, "उद्या पूजा हाय, बाईचा हात कशाला? मानसिंग, तू खाली उतर की." हे वरून म्हणाले, "ट्रॅक्टर तू सांभाळणार का मग?" तो रांगेत जाऊन उभा राहिला.

दुपारी लालासाहेबांची जीप आली. रांग सोडून थेट रॅम्पसमोर उभी राहिली. पांढरं धोतर, कोट, फेटा. सोबत धुळा, हात एव्हाना जुळून आलेला पण वाकडा, आणि आणखी दोघं. एकाच्या हातात पहार होती.

मी एका ट्रॉलीखाली वाकून होते. सवयीनं पदर कपाळावर ओढला. इतकी चीड आणणारा दुसरा हात माझ्या अंगाला नाही. तो माझं न ऐकता वर जातो.

"मानसिंग," लालासाहेब म्हणाले, "उतर खाली."

"काम चाललंय, दादा. रांगंत या, धुवून देतो."

"मला रांग दाखिवतोस?"

त्यांनी जवळ जाऊन यांच्या कानाखाली मारली. हे सीटवर बसून होते. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि घट्ट धरले. लालासाहेबांनी दुसरी मारली. यांच्या ओठाची जुनी जखम फुटली. रांगेतली माणसं बघत होती. कुणी नारळ हातात धरून उभं होतं, कुणी तंबाखू मळत होतं. भावकीचं भांडण, मधे कोण पडणार?

"शपत घेतलीया म्हणं," लालासाहेब रांगेकडं वळून म्हणाले. "बघू देव मोठा का मी. वढा रं त्याला."

दोघांनी यांना पायाला धरून खाली ओढलं. पडता पडता यांचा हात ॲक्सिलरेटरच्या दांडीला अडकला आणि ती शेवटपर्यंत खाली गेली. ट्रॅक्टर गुरासारखा हंबरला. पंपाचा आवाज एकदम बदलला. माझ्या हातातली नळी ताठ झाली, दगडासारखी. मी खटका सोडलेला होता तरी गन हातात थरथरत होती.

लाथा सुरू झाल्या. पोटात, पाठीत, तोंडावर. हे अंगाचं मुटकुळं करून पडले होते, पण हात छातीशी धरले होते, मुठी सुद्धा वळल्या नव्हत्या. मला दिसत होतं. बोटं उघडी होती. मुठी वळल्या तर उचलाव्या लागतील म्हणून त्या माणसानं बोटं उघडी ठेवली होती.

"हात म्होरं घ्या त्याचं," धुळा ओरडला. "माजा हात मोडला हुता ह्यानं."

त्यांनी यांचे दोन्ही हात रॅम्पच्या दगडी कडेवर ठेवले. एकजण पाठीवर बसला. पहार धुळ्यानं घेतली. पहिला घाव उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखीचा झाला होता. दुसरा डाव्या हातावर. मग परत उजव्यावर. हे ओरडले. सबंध आयुष्यात मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. आणि तरी ते ओरडत होते काय, तर, "म्या हात उचलला न्हाई, आये! म्या न्हाई उचलला!"

सासूबाई टाकीजवळ उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते.

शपथ यांनी घेतली होती. भंडारा यांच्या कपाळाला लागला होता. माझ्या कपाळाला फक्त पदर होता आणि तो मी तेव्हा मागं टाकला.

मी ट्रॉलीखालून बाहेर आले आणि खटका दाबला. पहिलं पाणी धुळ्याच्या नडगीवर बसलं. पँट फाटली, आणि पँटीखाली कातडं फाटलं, उसाचं पाचट सोलावं तसं. त्याला आधी कळलंच नाही. मग त्यानं खाली बघितलं, पांढरं हाड बघितलं, आणि पहार टाकून किंचाळत बसला. पाठीवर बसलेल्याच्या मानेवर मारलं. तो लोळत गेला. तिसरा पळाला, तो विट्याच्या दिशेनं पळाला आणि मला वाटतं अजून पळत असेल.

लालासाहेब पळाले नाहीत. त्यांना खरंच वाटलं असेल की मी थांबेन. त्यांनी मी धूत होते त्या ट्रॉलीतला कोयता उचलला आणि तो वर धरून माझ्याकडं चालत आले. "ए रांडं, ठेव खाली," ते म्हणाले. पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलले. मी गन खाली ठेवली नाही, वर केली.

पाणी त्यांच्या तोंडावर बसलं तेव्हा अंतर दोन हातांचं सुद्धा नव्हतं. फेटा उडाला. गाल फाटला. उजवा डोळा होता तिथं मग डोळा नव्हता. कोयता हातातून पडला, ते गुडघ्यावर आले, दोन्ही हात तोंडावर घेतले, आणि मी हातांवर मारलं. हात बाजूला झाले, मी छातीवर मारलं. कोट चिंध्या होऊन उडत होता. लाल पाणी रॅम्पवरून उतरून रांगेतल्या माणसांच्या चपलांखाली गेलं, तेव्हा कुठं ती माणसं मागं सरकली. मी मारत राहिले. थांबायचं मनात येत होतं पण बोटं खटक्यावरून निघत नव्हती. मला माझीच भीती वाटायला लागली होती आणि तरी आतून बरं वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

ट्रॅक्टर एकदम बंद झाला. पाणी गळून पडलं. सासूबाई ट्रॅक्टरवर चढून इंजिन बंद करायची खिटी ओढून उभ्या होत्या. त्या म्हातारीनं कधी ट्रॅक्टरला हात लावला नव्हता.

"बास," त्या म्हणाल्या. "आता बास, पोरी."

लालासाहेबांना त्यांच्याच जीपमध्ये घालून कऱ्हाडला नेलं. जाताना ते ओरडत होते, "मानसिंगानं डोळा फोडला! मानसिंगानं!"

फौजदार आले तेव्हा हे ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसले होते. हात मांडीवर ठेवलेले, सुजून निळे झालेले. मी समोर उभी, भिजलेली, शर्टावर रक्ताचे डाग. फौजदारांनी रांगेतल्यांना विचारलं. पहिला म्हणाला, "मानसिंगानं पाणी मारलं सायेब. आन् मग त्या लोकांनी त्याचं हात मोडलं." दुसराही तेच म्हणाला. तिसराही. लालासाहेबांच्या भीतीनं म्हणाले असतील. पण मला विचाराल तर भीती नंतरची. लालासाहेबांना एका बाईनं लोळवलं हे त्यांच्या तोंडातून बाहेरच पडत नव्हतं.

"काय रं, खरं हाय?" फौजदारांनी यांना विचारलं.

यांनी माझ्याकडं बघितलं. "व्हय," ते म्हणाले. "म्याच मारलं."

हात मोडून घेतले, शपथ मोडली नाही, आणि आता फुकटच आत निघाला माणूस!

"खोटं बोलतायत हे," मी म्हणाले. "मी मारलं. ह्यांचे हात आधीच मोडले होते."

फौजदार हसले. वाईट हसले नाहीत, दमलेला माणूस हसतो तसे हसले. "बाई, नवऱ्याला वाचवायचं म्हणून काय बी सांगू नका. हे मशीन बाईला झेपतंय व्हय? गडी माणूस सुद्धा उडून पडंल."

रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसणाऱ्याचा ट्रॅक्टर मी त्याच सकाळी धुतला होता.

मी ट्रॅक्टरवर चढले, किल्ली फिरवली. दांडा जोडायचा खटका ओढला, ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत खाली घेतला. पंप ओरडायला लागला. खाली उतरले, गन उचलली, पाय रोवले. फौजदार म्हणाले, "अवो, अवो," आणि दोन पावलं मागं गेले. मी पोलिसांच्या जीपच्या दारावर खटका दाबला. रंग पापुद्रे होऊन उडाला आणि खालचा पत्रा पांढरा पडला. मग पुढच्या दिव्यावर मारलं. काच आत गेली. मग मी गन जरा डावीकडं वळवली, तर आख्खी रांग बांधापलीकडं गेली, आणि त्यात तो हसणारा सगळ्यात पुढं होता.

मी मशीन बंद केलं. "आता झेपलं का?"

फौजदारांनी जीपच्या दाराकडं बघितलं, मग यांच्या हातांकडं. मग टोपी काढून डोकं पुसलं. "बसा जीपमधी," ते म्हणाले.

मी बसले. हे चाकाला टेकून रडत होते. हातांनी डोळे पुसता येत नव्हते, म्हणून सासूबाईंनी पुसले. यांचा जामीन वाचला होता. मला एवढंच पाहिजे होतं.

मी सांगलीच्या जेलात काही महिने काढले, मग जामीन झाला, मग केस उभी राहायला वर्षं गेली. तोवर यांचे हात जेवढे जुळायचे तेवढे जुळले. घास घेता येतो, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. ती मी लावते. धुळ्यानं आपली जुनी केस मिटवून टाकली. त्याच्या नडगीचं हाड बघितल्यापासून त्याला कोर्ट, लालासाहेब आणि आमचं अंगण, तिन्हींचा वीट आला होता.

माझी तारीख लागली. वकील म्हणाले, "पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. सगळं लालासाहेबांच्या साक्षीवर आहे. तुम्ही फक्त गप्प बसा." सासूबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मला घेऊन पालीला गेल्या, ओल्या अंगानं खंडोबापुढं उभं केलं आणि हातात बेल-भंडारा दिला.

"म्हण, कोर्टात त्वांड उघडणार न्हाई."

या खेपेला म्हातारीनं बरोबर माणूस धरला होता. मी बेल-भंडारा उचलला.

लालासाहेब साक्षीला आले तेव्हा काळा चष्मा होता. गालावर दोरखंडासारखा व्रण. सरकारी वकिलांनी माझ्याकडं बोट करून विचारलं, "तुमच्यावर पाण्याचा मारा कुणी केला? या बाईंनी?"

कोर्टात सगळं गाव होतं. लालासाहेबांनी एकदा मागं वळून त्या गावाकडं बघितलं.

"बाईनं?" ते म्हणाले. "बाई मला मारती? मानसिंगानं मारलं."

वकिलांनी पुन्हा विचारलं, फिरवून विचारलं. डॉक्टरांनी आदल्याच तारखेला सांगितलं होतं की मानसिंगचे हात चुरा झाले होते, तशा हातांनी चमचा सुद्धा उचलला नसता. सरकारी वकिलांनी तेही सांगून बघितलं. लालासाहेबांना फक्त हो म्हणायचं होतं. एक हो म्हटलं असतं तर मी आत गेले असते, हे मोडल्या हातांनी एकटे पडले असते आणि तुकडाही कधीतरी त्यांचाच झाला असता. डोळा गेला तरी त्यांच्या जिभेवर बाई येईना. रांगेतले साक्षीदारही तेच म्हणाले, मानसिंग, मानसिंग. मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहून दात आवळत होते. आनंद व्हायला पाहिजे होता. मला संताप येत होता. मी केलं होतं, भर दुपारी, भर रस्त्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि एक माणूस ते माझं म्हणायला तयार नव्हता.

मी सुटले. यांच्यावर तर खटलाच नव्हता. वकिलांनी हात जोडले, सासूबाईंनी साखर वाटली.

शपथ कोर्टातली होती. मी कोर्टाच्या पायऱ्या उतरले. लालासाहेब खाली जीपजवळ उभे होते, भोवती माणसं. सवयीनं माझा हात पदराकडं गेला. मी तो पदर धरला आणि कपाळावर ओढायच्या ऐवजी मागं टाकला, सगळं डोकं उघडं करून. चालत त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"भाऊजी," मी म्हणाले. लग्न झाल्यापासूनचा माझा त्यांच्याशी पहिला शब्द. आवाज असा लागला की झाडाखालचे पक्षकार वळले. "म्या मारलंय तुमाला. मानसिंगानं न्हाई, म्या. संयोगितानं. ऱ्हायलेल्या डोळ्यानं नीट बघून घ्या."

लालासाहेबांच्या माणसांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं, आणि ते काहीतरी बोलतील म्हणून थांबले. जीपचं दार धरून लालासाहेबांनी पाय वर टाकला, तो चुकला, आणि दुसऱ्यांदा टाकला.

मागं हे उभे होते. वाकड्या हातांनी त्यांनी माझा पदर उचलायचा प्रयत्न केला, बोटांत येईना.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "घरी चला. ट्रॅक्टरचं ऑईल बदलायचं हाय, उद्या खंडेनवमीच्या गाड्या येतील."